डिलिव्हरीच्या गाडीनं ठोकलं तर भरपाईचं काम कुठून सुरू करायचं

गेल्या पावसाळ्यात एक ताई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि निळ्या कॅरीबॅगमधून कागदांचा गठ्ठा काढला. त्यांचे मिस्टर सायकलवर होते, पाळधीजवळ हायवेच्या कडेला पार्सलच्या व्हॅननं मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. ताईंनी एकूण एक बिल जपून ठेवलं होतं, कागद हरवला म्हणून एकही गेला नव्हता. पण मेडिकलवाल्यानं मशीनमधून काढून दिलेल्या त्या गुळगुळीत चिठ्ठ्या पाच महिन्यांत पांढऱ्याफट्ट पडल्या होत्या. मी एक चिठ्ठी उजेडात तिरपी धरली तेव्हा दुकानाचं नाव कसंबसं वाचता आलं, आकडा नाही. एका मेडिकलनं डुप्लिकेट काढून दिली. दुसऱ्याचा कॉम्प्युटर बदलला होता, जुना डेटा गेला होता.

मी जळगाव जिल्ह्यात अपघाताचे क्लेम चालवतो. कायदा बऱ्याचदा माणसाच्या बाजूनं असतो. दावा अडतो तो पहिल्या आठवड्यात न घेतलेल्या फोटोवर, न मागितलेल्या नकलेवर, उडालेल्या शाईवर. आता गल्लीबोळात पार्सलवाले, जेवण पोचवणारी पोरं, दुधाच्या आणि गॅसच्या गाड्या, केळी वाहणारे पिकअप दिवसभर धावतात. कोर्टाची पायरी ज्यांनी कधी चढली नाही, त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहितो आहे. गाडीखाली सापडलेल्यासाठी आहे, तसंच डिलिव्हरी करणाऱ्या पोरासाठीही आहे. अपघातात बऱ्याचदा तोच जबर जखमी होतो.

पहिला तास

आधी १०८ ला फोन, नंतर ११२ ला. जखमीला उचलायला लोक घाबरतात, कारण पोलिसांची झंझट मागे लागेल असं वाटतं. मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण दिलंय. नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीदार व्हायची जबरदस्ती त्याच्यावर करता येत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर एक गोष्ट तोंडानं सांगायची: "रोड ॲक्सिडेंट आहे, एमएलसी नोंदवा." एमएलसी म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यानं केलेली नोंद. पायरीवरून पडला, घसरून पडला असं काही सांगू नका. खाजगी दवाखान्यात लवकर दाखल करून घेतील म्हणून कुणीतरी असा सल्ला देतो, आणि केस पेपरवरची ती एक ओळ विमा कंपनीचा वकील दोन वर्षांनी उलटतपासणीत पुढे करतो. केस पेपरवर अपघाताची वेळ, जागा आणि जमल्यास गाडीचा नंबर येऊ द्या.

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू झाली आहे. यादीतल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी १,५०,००० रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. काउंटरवर आपण होऊन विचारा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करता येते.

त्याच दिवशी: गाडी कुणाची, आणि कुणासाठी धावत होती

साध्या अपघातात नंबर प्लेटचा फोटो बऱ्याचदा पुरतो. डिलिव्हरीच्या गाडीत पुरत नाही. गाडी एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा, माल तिसऱ्याचा आणि ठेका चौथ्याचा असतो. म्हणून घरातल्या एका जाणत्या माणसानं त्याच दिवशी जागेवर जाऊन हे फोटो घ्यावेत: नंबर प्लेट, गाडीच्या अंगावरचं नाव किंवा फ्लेक्स, पोराच्या अंगातला कंपनीचा टीशर्ट आणि पाठीवरची बॅग, रस्त्यावर पडलेली पार्सलं. पार्सलवर लेबल असतं, त्यावर कंपनी, तारीख, ऑर्डर नंबर सगळं छापलेलं असतं. लेबल वाचता येईल इतक्या जवळून फोटो काढा. ती गाडी त्या क्षणी धंद्यावर होती, हे दाखवायला याच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही.

ब्रेकच्या खुणा, काच कुठं सांडली, गाडी कोणत्या दिशेला तोंड करून थांबली, हेही टिपा. समोरच्या टपरीवर किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरा असेल तर मालकाला विनंती करून रेकॉर्डिंग लगेच मोबाइलमध्ये घ्या. बहुतेक मशीनमध्ये थोड्याच दिवसांत जुनं पुसून नवं भरलं जातं. पोलिसांनाही लेखी अर्ज द्या की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे, फुटेज ताब्यात घ्यावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची.

गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकला की विम्याची मुदत दिसते आणि मालकाचं नाव अर्धवट दिसतं. तो स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

"मिटाडी टाका"

आता सगळ्यात धोक्याची जागा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात येतो, बरोबर गावातला एखादा वजनदार माणूस असतो. "मिटाडी टाका ना भाऊ, कोर्टकचेरीना नादमा कसाले पडतस?" म्हणजे मिटवून टाका, कोर्टकचेरीच्या नादाला कशाला लागता. हातात वीस-तीस हजार, पाचशेच्या स्टॅम्पवर दोन ओळी: माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. दवाखान्याचं बिल वाढत असतं, घरात रोख नसते. त्यावेळी माणूस सही करतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

पण त्या सहीची किंमत समजून घ्या. त्या दोन ओळींमुळे पोलीस तपास ढिला पडतो, आणि पुढे दाव्यात "चालकाची चूक नव्हतीच, म्हणून तर तक्रार केली नाही" असं म्हणायला समोरच्याला आयतं सापडतं. उपचारासाठी पैसे देत असतील तर घ्या, शक्यतो बँकेतून घ्या, आणि लिहायचंच असेल तर "औषधोपचारासाठी मदत म्हणून इतके रुपये मिळाले, भरपाईचा हक्क कायम आहे" एवढंच लिहा. अपघाती मृत्यूचा फौजदारी गुन्हा तर आपसात मिटवता येणाऱ्यातला नाहीच.

पोलीस स्टेशन

फिर्याद नोंदवा आणि एफआयआरची नक्कल फुकट मिळते, ती घ्या. अपघात एका हद्दीत आणि माणूस दाखल दुसऱ्या हद्दीत असेल तर कोणत्याही पोलीस स्टेशनला झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली फिर्याद, घेता येतो. आपल्याकडे ही अडचण नेहमीची आहे. सेंधव्याच्या बाजूला अपघात होतो, माणूस धुळ्याला आणतात. नवापूरच्या पुढे गुजरातच्या हद्दीत होतो, माणूस नंदुरबारला.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदारानं अपघाताची पहिली खबर ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) आणि विमा कंपनीला द्यायची असते, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हे सगळं आपोआप होईल म्हणून घरी बसू नका. विचारायला जा, नम्रपणे जा आणि प्रत्येक वेळी लेखी अर्ज न्या. घ्यायच्या नकला: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स, आरटीओच्या तपासणीचा अहवाल, जखमेचं प्रमाणपत्र किंवा पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, आणि नंतर दोषारोपपत्र.

गाडीला विमा नसेल तर आणखी एक अर्ज ताबडतोब द्या: मालकानं पुरेशी जामीनकी दिल्याशिवाय गाडी सोडू नये. नियमांत ही तरतूद आहे. गाडी एकदा बाहेर पडून विकली गेली, की पुढे वसुलीसाठी हातात काही उरत नाही.

पैसे नक्की कोण देतो

दाव्यात सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा करायचा ते, साधारण तिघे असतात: चालक, मालक आणि विमा कंपनी. चूक चालकाची, जबाबदारी मालकाची, पैसे विमा कंपनीचे, अशी ही साखळी आहे. मालक म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे तो. इथं आपल्या भागातली एक सवय लोकांना फार महागात पडते. जुनी गाडी स्टॅम्पवर लिहून विकतात, टीटी फॉर्मवर (आरटीओतल्या नाव बदलाच्या फॉर्मवर) सह्या होतात, आणि वर्ष-दोन वर्षं नाव बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की रेकॉर्डवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. म्हणजे चोपड्याच्या शेतकऱ्यानं विकलेला छोटा हत्ती जळगावात पार्सल वाटताना कुणाला धडकला, तर नोटीस चोपड्याला जाईल. गाडी विकली असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी नाव बदलून घ्या.

आता डिलिव्हरीचे खास पेच.

ठेकेदाराची गाडी असेल तर बहुधा पिवळी प्लेट आणि व्यावसायिक विमा असतो, काम सरळ आहे. विमा कंपनी चालकाच्या लायसन्सवर बोट ठेवते, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीवरही चालतो, वेगळा शेरा लागत नाही. पिकअप, छोटा हत्ती सगळे त्यात आले.

पोरानं स्वतःची पांढऱ्या प्लेटची मोटारसायकल कामाला लावली असेल तर मामला नाजूक आहे. पॉलिसीत वापर खाजगी लिहिलेला असतो, आणि विमा कंपनी "भाड्यानं वापरली, अट मोडली" म्हणते. बाहेरच्या जखमी माणसाला अशा वेळी बऱ्याचदा "आधी द्या, मग वसूल करा" या तत्त्वावर पैसे मिळतात: कंपनी जखमीला देते आणि गाडीमालकाकडून वसूल करते. ती वसुली त्या पोराच्या घरावर येते, त्याच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेमही नाकारला जातो. डिलिव्हरीचं काम सुरू करायच्या आधी विमा एजंटला वापर स्पष्ट सांगून तशी पॉलिसी घ्या.

ज्या ॲपसाठी किंवा कंपनीसाठी तो धावत होता, तिला सामनेवाला करायचं का? माझं मत, पार्सलचं लेबल किंवा ऑर्डरची नोंद हातात असेल तर करायचं. कंपनी म्हणणार की तो आमचा नोकर नाही, भागीदार आहे. गाडीवर आणि माणसावर ताबा कुणाचा होता, यावर ते ठरतं, आणि कंपनीवर बोजा बसेलच असं वचन मी कुणाला देत नाही. पण ती समोर असली की करार, ऑर्डरचा तपशील, तिनं काढलेला विमा हे सगळं कोर्टापुढं मागवता येतं.

इलेक्ट्रिक स्कूटरचा वेगळा विचार करा. ताशी २५ किलोमीटरच्या आत पळणारी, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, नंबर प्लेट नसलेली स्कूटर मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनच नाही. तिचा विमा नसतो आणि तिच्याविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात जाता येत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं.

रावेर, सावदा, यावलकडच्या वाचकांसाठी केळीच्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. घडांवर बसून मजूर जातात आणि वाटेत गाववाला हात दाखवून चढतो. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बरोबर असेल तर त्याला विम्यात जागा आहे. फुकट लिफ्ट घेतलेल्याला नाही. गाडी उलटली तर "हा कोण होता" हाच पहिला प्रश्न येतो. म्हणून मजूर कुणी लावला, रोज कुणी दिला, हे पहिल्या जबाबातच नीट यायला हवं.

डिलिव्हरी करणारा स्वतःच पडला तर

दुसऱ्या गाडीनं ठोकलं असेल तर तो इतर कोणत्याही जखमीसारखाच दावा करू शकतो. हेल्मेट नव्हतं किंवा ट्रिपल सीट होता एवढ्यावरून दावा संपत नाही. त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे समोरच्यानं दाखवावं लागतं.

एकट्यानंच घसरून पडला, कुत्रं आडवं आलं, खड्डा चुकवताना गेला, तर समोर कुणीच नाही. अशा वेळी कामाला येतो तो मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. पण तो मालकासाठी आहे आणि वैध लायसन्स लागतं. बापाच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावरची गाडी चालवणारी किती पोरं मी पाहतो! गाडी उसनी घेतली की त्याच गाडीच्या विम्यावर पोराचा थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरचा माणूस म्हणून दावाही अडतो, कारण कायदा त्याला मालकाच्याच जागी धरतो. गाडी पोराच्या नावावर करा, नाहीतर त्याचा वेगळा अपघात विमा काढा. ॲप कंपन्या काम करणाऱ्यांसाठी गट विमा काढतात, त्याची पॉलिसी ॲपमध्ये कुठं आहे ते आज शोधून घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. खबर द्यायची मुदत त्यात लिहिलेली असते.

पगारी ड्रायव्हर किंवा क्लीनर असेल तर मालकाकडून कामगार भरपाई मागता येते, तिथं चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. हा विषय पूर्वी १९२३ च्या कायद्यात होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला. त्याच संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कल्याण निधीची तरतूद आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यात भरायचे आहेत. एकाच अपघातासाठी कामगार भरपाई आणि मोटार अपघात दावा ही दोन्ही दारं मात्र वाजवता येत नाहीत, एक निवडावं लागतं.

अर्ज कुठं आणि कधी

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयातच बसतं: जळगाव, धुळे, नंदुरबार. अमळनेर, भुसावळसारख्या ठिकाणीही अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश आहेत, तुमचा तालुका कुठं जोडलाय ते विचारून घ्या. अपघात जिथं झाला तिथं, तुम्ही राहता तिथं, किंवा सामनेवाला राहतो तिथं, तिन्हींपैकी कुठंही दावा चालतो. सेंधव्याला झालेल्या अपघातासाठी शिरपूरच्या माणसानं मध्य प्रदेशात खेपा घालायची गरज नाही.

मुदत अपघाताच्या तारखेपासून ६ महिने. ती धरूनच चाला.

चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळण्याचीही सोय आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला २.५ लाख. पण विमा कंपनीच्या प्रस्तावावर ती घेतली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असताना घाईनं सही करू नका.

ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात. अर्ज कोर्टात नाही, प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. गाडी नंतर सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

आकडा कसा निघतो

समजा, २७ वर्षांचा पार्सल पोचवणारा मुलगा गेला. महिन्याची कमाई १५,०००. मागे आई, बायको, एक मूल. वर्षाचे १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला ४० टक्के वाढ: २,५२,०००. स्वतःवर खर्च केला असता म्हणून दोन-तीन अवलंबितांना एक तृतीयांश वजा: १,६८,०००. २६ ते ३० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो वयावर ठरलेला आकडा, १७. झाले २८,५६,०००. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि सहवासाचं नुकसान यांच्या ठरावीक रकमा. वाढीचे टक्के २०१७ च्या घटनापीठाच्या निकालातले, गुणक २००९ च्या निकालातले.

आता हाच हिशेब महिन्याला १०,००० धरून करा. येतात १९,०४,०००. कागदावर न आलेल्या ५,००० रुपयांनी घरच्यांचे ९,५२,००० गेले. म्हणून पोरांनो, ॲपवरचा आठवड्याचा हिशेब दर महिन्याला डाउनलोड करून ठेवा, कारण आयडी बंद झाला की तो दिसत नाही. रोख घेत असाल तर बँकेत भरत जा.

जखमीच्या बाबतीत अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईचं नुकसान एक नसतं. गुडघा न वाकणारा माणूस दुकानात बसून हिशेब लिहू शकतो, पण बाइकवर दिवसाला चाळीस पार्सलं पोचवू शकत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मांडून दिला आहे. डॉक्टरांची साक्ष होते तेव्हा "हा आधीचं काम करू शकेल का" हा प्रश्न वकिलाला आठवणीनं विचारायला लावा.

वकील आणि पुढचं

सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटवर "क्लेम करून देतो, निम्मे तुमचे" म्हणणारा माणूस भेटला तर कोऱ्या कागदावर सही नको, मूळ कागद त्याच्या हातात नकोत. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि अपंगांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नंदुरबार, शहादा, साक्रीकडच्या आदिवासी भावांनी हे जरूर वापरावं.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. वरचा हिशेब वहीत मांडून मगच आकड्याला हो म्हणा. कोर्टाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अपील करता येतं.

निकालानंतर पैसे बँक खात्यातच येतात, म्हणून पासबुक आणि आधारावरचं नाव आधीच जुळवून घ्या. अज्ञान मुलांचा हिस्सा ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत जातो. मधे शाळेची फी किंवा आजारपण निघालं तर न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून त्यातून पैसे काढता येतात. फीची पावती सोबत लावा, आणि लावण्याआधी तिची झेरॉक्स काढून ठेवा.